हातगाड्याला हक्काची जागा

परभणी नगरपालिकेची महानगरपालिका झाली 2011 साली. शहरातल्या व्यापारासाठी महापालिका काय करू शकते, असं विचारलं की आपण मोठ्या संकुलांकडे बघतो. मला मात्र आधी दिसतो तो हातगाडा: वर ओल्या गोणपाटाखाली झाकलेली मेथी, खाली चाकाला लावलेला दगड. गाडा उचलून नेतील ही धास्ती असली, की विक्रेता माल बेतानंच भरतो. धंदा वाढायचा कसा?

2014 च्या पथविक्रेता कायद्यानं याचं उत्तर पालिकेच्या हाती दिलं आहे. दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, त्यांना विक्री प्रमाणपत्र द्यायचं, जागा आखून द्यायच्या. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एकतृतीयांश महिला.

हे विक्री प्रमाणपत्र पतही मिळवून देतं. 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत विनातारण 10 हजार रुपयांचं कर्ज मिळे. 2025 पासून पहिला हप्ता 15 हजारांचा आहे. वेळेवर फेडलं की पुढे 25 आणि 50 हजार. प्रमाणपत्र नसेल, तर पालिकेचं शिफारसपत्र चालतं. म्हणून पालिकेच्या खिडकीवर अर्ज अडकू नये, ही माझी कळकळीची मागणी आहे. फेब्रुवारीत परभणीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो. त्याआधी पैसा हातात पडला, तर उरुसासाठीचा माल रोखीनं भरता येतो, सावकाराकडे जावं लागत नाही.