विमानाचा मुका मार

बोइंग ७८७ ड्रीमलायनरच्या वजनातला निम्मा वाटा कंपोझिटचा, एअरबस ए३५० मध्ये ५३ टक्के. म्हणजे केसाहून बारीक कार्बनचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. ७८७ च्या फ्लोअरखालच्या काही कंपोझिट तुळया तर आपल्या नागपुरात, मिहानमध्ये तयार होतात! ‘प्लास्टिकचं विमान’ म्हणून नाकं मुरडू नका. ताकद भरपूर आहे, खोडी मात्र वेगळ्याच.

सामानाची गाडी अ‍ॅल्युमिनियमच्या विमानाला धडकली की पोचा येतो. कंपोझिटला बसतो मुका मार: वरचा रंग शाबूत, आतले थर सुटलेले. मग तंत्रज्ञ अल्ट्रासाउंड करतात आणि चक्क टकटक वाजवूनही बघतात, बाजारात आपण माठ पारखतो तसं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर शंका. अब्जावधींचं विमान आणि हातात चिमुकली हातोडी. मला तरी ही जोडी फार आवडते.

कार्बन फायबरमधून वीज अ‍ॅल्युमिनियमइतकी सहज वाहत नाही, म्हणून आकाशातली वीज पडली तर ती वाहून न्यायला रंगाखाली तांब्याची बारीक जाळी असते. ए३५० चा रंग तडकून ही जाळी उघडी पडू लागली, कतारने वीसहून अधिक विमानं जमिनीवर ठेवली आणि कतार एअरवेज-एअरबस वाद लंडनच्या कोर्टात गेला. एअरबसचं म्हणणं, सुरक्षेला धोका नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोड झाली.

अ‍ॅल्युमिनियमशीही कार्बनचं पटत नाही. ओल मिळाली की अ‍ॅल्युमिनियम गंजतं. म्हणून सांध्यांवर महागडं टायटॅनियम.

नोव्हेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कला एअरबस ए३०० विमानाची कंपोझिट शेपटी हवेतच तुटली, २६५ जण गेले. संशय अर्थातच कंपोझिटवर. तपासात दिसलं, सहवैमानिकाने शेपटीवरच्या रडरची (सुकाणूची) पेडलं जोरजोरात उलटसुलट दाबली होती. नियमाने उड्डाणातल्या अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट सोसायचा, शेपटीने जवळजवळ दुप्पट सोसला होता.

आणि आग? २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेडा. धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून जपान एअरलाइन्सचं ए३५० पेटलं. त्यातले सगळे ३७९ जण वाचले. तटरक्षक दलाचे पाच जण मात्र गेले. आग पूर्ण विझायला मध्यरात्र उलटली.

विझल्यावर नवी डोकेदुखी: जळक्या सांगाड्यातून तंतूंचे तुकडे उडतात, नाकातोंडात जातात. मास्क तर हवाच, शिवाय तुकडे जागीच चिकटवायला काहीतरी फवारावं लागतं. अमेरिकी हवाई दलाच्या सूचनांत त्यासाठी एक उपाय आहे, फरशी चमकवायचं अ‍ॅक्रिलिक पॉलिश पाण्यात मिसळून!