बोटीच्या जुन्या इंजिनाची प्लग वायर बदलावी का?

पाण्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं, तर गाडीसारखं कडेला उभं राहता येत नाही. म्हणूनच १९५० च्या दशकातलं जॉन्सन किंवा एव्हिनरूडचं आउटबोर्ड इंजिन हौसेनं पुन्हा सुरू करणार असाल, तर आधी स्पार्क प्लगच्या वायरी बघा.

या इंजिनांत ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमधलं चुंबक फिरतं, कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात आणि वायरीतून प्लगपर्यंत जातात. वायरीचं आवरण तडकलं असेल, तर वीज वाटेतच इंजिनाच्या धातूत उतरते.

कसं तपासाल?
इंजिन बंद असताना वायर हलकेच वाकवा. चिरा पडलेल्या किंवा कडक झालेल्या वायरी बदला. अंधारात, खालचा भाग पाण्याच्या पिंपात ठेवून इंजिन चालवा. वायरीवर निळसर ठिणग्या दिसल्या, तरी बदला. मात्र चालू इंजिनाच्या वायरीला हात लावू नका आणि हे बंद खोलीत करू नका.

नवी कोणती घ्याल?
आत तांब्याच्या तारा असलेलीच. कॉइलमधली टोकदार पिन या तारांत रुतते. गाड्यांच्या कार्बनच्या वायरीत ती नीट पकड घेत नाही.

वायर मऊ आणि ठिणगी जोरदार असेल, तर केवळ वय झालं म्हणून बदलायची घाई नको. पण कॉइलसाठी फ्लायव्हील उघडलंच असेल, तर वायरीही बदलून टाका. तेच काम दोनदा कशाला?

आणि हो, वायर नवी असली तरी वल्ही आणि लाइफ जॅकेट बोटीत हवंच!