खांबावरची राजी

दगडी प्रांगणात असुरांनी राजीला घेरलंय. तिच्या हातात त्रिशूळ आहे, पण समोर चार-पाच जण. ती पळत जवळच्या खांबाशी जाते, झेप घेऊन त्याला धरते आणि त्याच वेगात खांबाभोवती गरकन फिरते. फिरता फिरता त्रिशूळ चालतो, भोवतीचे असुर उधळले जातात. दोन-तीन सेकंदांचा खेळ. पण ज्यानं तालमीत किंवा शाळेच्या मैदानावर मल्लखांब पाहिलाय, त्याला ही पकड, ही गिरकी ओळखीची वाटल्याशिवाय राहत नाही.

ही राजी पुण्यात घडली.

'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम बनवणाऱ्या स्टुडिओचं नाव नॉडिंग हेड्स गेम्स. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड या तिघांनी २०१७ मध्ये तो सुरू केला. गेमची रचना सिंग यांच्याकडे, कलेची बाजू घोष यांच्याकडे आणि प्रोग्रामिंग मॉड यांच्याकडे. पुण्याला हा धंदा नवा नव्हता. युबिसॉफ्टसारख्या फ्रेंच कंपनीचा मोठा स्टुडिओ इथे २००८ पासून आहे. पण आपल्याकडे गेमिंगमधलं बरंचसं काम परदेशी गेमसाठी करून द्यायचं असतं. कुणाच्या तलवारी घडवायच्या, कुणाचे वाडे उभे करायचे, कुणाच्या चुका शोधून द्यायच्या. त्यातून हात बसतो, नजर तयार होते, पगारही वेळेवर होतो. गोष्ट मात्र दुसऱ्याची असते. या तिघांना गोष्टही आपलीच हवी होती.

तिची किंमत लगेच कळली. सुरुवातीला त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. तिथला नियम कडक आहे: ठरवलेला आकडा गाठला नाही, तर जमलेल्यातला एक रुपयाही हातात पडत नाही. आकडा गाठला गेला नाही. स्टुडिओ चालू राहावा म्हणून सिंग यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. पुण्यात फ्लॅट विकणं म्हणजे काय, हे इथल्या कुठल्याही घरात विचारा. हप्ते, आईवडिलांची साठवण, आयुष्यभराचा आधार, सगळं त्या चार भिंतींत असतं. ते विकून त्यांनी एका न झालेल्या गेमवर लावलं. पुढे एपिक गेम्सचं अनुदान मिळालं. याच कंपनीच्या अनरियल इंजिनवर राजी उभी राहत होती. सुपर डॉट कॉम हे प्रकाशकही पाठीशी आले.

गोष्ट साधी आहे. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू जत्रेत कसरती करणारी मुलं. महाबलासुराचे असुर गोलूला पळवून नेतात आणि राजी त्याच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. वाटेत दुर्गा आणि विष्णू यांचं आपसात बोलणं चालू असतं. या पोरीकडून होईल का, असा त्यांचा विषय. दोन वडीलधारे ओसरीवर बसून अंगणातल्या पोराकडे बघत बोलतात, तसं ते वाटतं. देव इथे दुरून दर्शन देत नाहीत, काळजी करतात.

या गेममधली दोन कामं पुन्हा पुन्हा बघावीत अशी आहेत. एक म्हणजे भिंती. राजस्थानी धाटणीचे महाल, छत्र्या, कमानी आणि त्यांवर पहाडी लघुचित्रांच्या वळणाचे हातानं रंगवलेले रंग. भिंतीवरच्या चित्रापाशी थांबलं की त्यातली कथा ऐकू येते. थांबायची सक्ती नाही, पळत पुढे गेलं तरी चालतं. मी थांबतो.

दुसरं काम सावल्यांचं. कथेचे टप्पे सांगायला त्यांनी सावल्यांच्या बाहुल्या वापरल्या आहेत. उजळलेल्या पडद्यावर नक्षीची भोकं पाडलेल्या सपाट आकृती हलतात, सांध्यात वाकतात, हात झटकन वर जातो. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ही चाल ओळखू येईल. मोठ्या कंपनीनं इथे चेहऱ्याच्या स्नायूस्नायूची हालचाल टिपायला खर्च केला असता. तेवढा पैसा नसलेल्या स्टुडिओनं सावल्या निवडल्या आणि गोष्ट सांगण्याची आपली जुनी रीत पडद्यावर आली. या गेममधला सर्वांत शहाणा निर्णय मला हाच वाटतो.

१८ ऑगस्ट २०२० रोजी, पुणं कोरोनाच्या विळख्यात असताना, राजी आधी निन्टेन्डो स्विचवर आली. १५ ऑक्टोबरला प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम इंडी गेमसाठी नामांकन मिळालं. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला. समीक्षकांनी कौतुक केलं तसे दोषही दाखवले. लढाईत काही ठिकाणी हात अडखळतो, गेम पाच-सहा तासांत संपतो आणि शेवट मधेच तुटल्यासारखा येतो. तक्रार खरी आहे. शेवटच्या लढाईनंतर मीही बराच वेळ पुढच्या दृश्याची वाट बघत बसलो होतो.

स्टुडिओनं ती तक्रार कानाआड केली नाही. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. लढाईवर पुन्हा हात फिरवला होता आणि सगळे संवाद आता हिंदीतही होते. मी सुरुवातीपासून पुन्हा खेळलो. भिंतीपाशी थांबलो, चित्रातली कथा या वेळी हिंदीत ऐकली. मग पुढचं प्रांगण, पुन्हा असुर आणि कोपऱ्यात एक खांब.