गाणं मिनिटभराचं, शिक्षा दोन वर्षांची

'पुसी रायट' हा मुलींचा पंक रॉक गट २०११ मध्ये मॉस्कोत सुरू झाला. चेहरे रंगीत टोप्यांनी झाकून सरकारविरोधी गाणी म्हणायची, ही त्यांची पद्धत. फेब्रुवारी २०१२ मध्ये मॉस्कोच्या मुख्य चर्चमध्ये त्यांनी पुतिनविरोधी गाणं म्हटलं. साधारण मिनिटभरात त्यांना बाहेर काढलं. 'धार्मिक द्वेषातून गुंडगिरी' हा आरोप ठेवून तिघींना दोन वर्षांची कैद झाली. अपिलात एकीची सुटका झाली, दोघी डिसेंबर २०१३ मध्ये माफी मिळून सुटल्या.

श्रद्धावंत दुखावले, हे साहजिकच. पण २०१८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने फरक दाखवला: प्रार्थनास्थळाचे नियम मोडले तर कारवाई होऊ शकते, मात्र त्यासाठी तुरुंग ही फारच कठोर शिक्षा. इबादतीच्या जागेचा अदब राखायलाच हवा. पण त्याच्या आडून सत्तेवरची टीका दाबली जात नाही ना, हेही बघायला हवं.