दीड हजारांवरून थेट एकावर! कोस्टारिकातला सोनेरी बेडूक कसा संपला, आणि आंबोलीशी त्याचा काय संबंध?

पहिला पाऊस पडला की बेडूक बाहेर येतात. दरवर्षी येतात, म्हणून पुढच्या वर्षीही येणारच असं आपण धरून चालतो. पण मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशात एका डोंगरावर हे गणित चुकलं.

नेमकं काय झालं?
मोंतेवेर्देच्या ढगाळ जंगलात सोनेरी टोड राहायचा. टोड म्हणजे खडबडीत कातडीचा बेडूक, भेक. याचा नर मात्र गुळगुळीत, झगझगीत नारिंगी. जगात फक्त त्याच डोंगरमाथ्यावर, काही चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात तो सापडायचा. वर्षभर दडून राहायचा आणि पावसाच्या सुरुवातीला काही दिवसच झाडांच्या मुळांतल्या डबक्यांत अंडी घालायला बाहेर पडायचा.

१९८७ साली अभ्यासकांना असे दीड हजारांवर टोड दिसले. पण त्या वर्षी पाऊस कमी होता, डबकी आटली. मोजलेल्या सुमारे ४३,५०० अंड्यांतून आठवडाभरानंतर फक्त २९ पिल्लं उरली. १९८८ मध्ये जेमतेम दहा टोड दिसले. १५ मे १९८९ रोजी एकच नर दिसला. त्यानंतर एकही नाही. २००४ साली ही जात नामशेष जाहीर झाली.

कारण काय?
तिथे झाडं तोडली गेली नव्हती, जंगल राखीव होतं. तरीही कोरडं हवामान आणि कातडीवर वाढणारी कायट्रिड नावाची बुरशी, या दोन गोष्टींनी घात केला असं शास्त्रज्ञ मानतात. बेडूक कातडीतूनच पाणी आणि क्षार घेतो. कातडी बिघडली की तो जगत नाही.

आपल्याकडे काय?
आपल्या आंबोलीत, सावंतवाडी तालुक्यात, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला 'आंबोली टोड' आहे. २००९ साली त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. आंबोली परिसर आणि जवळच्या मोजक्या जागा सोडल्या तर तो जगात कुठेच नाही. तोही पहिल्या पावसात सड्यावरच्या उथळ डबक्यांतच अंडी घालतो. त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे.

म्हणजे जागा थोडी, दिवस थोडे आणि भरवसा डबक्यांवर. पावसाने मध्येच ओढ दिली तर आपण काही करू शकत नाही. पण पहिल्या पावसात रात्री घाटमाथ्यावर गाडी हळू चालवणं, सड्यावर गाड्या न घालणं, डबक्यांत कचरा किंवा साबणाचं पाणी न टाकणं, एवढं तर आपल्या हातात आहे ना?

मोंतेवेर्देत १९८७ साली टोड भरपूर दिसत होते. धोका कुणाच्या लक्षात आला नाही, तो त्यामुळेच.