मळीतून जनावरांची पेंड होईल का?

मागच्या गटसभेत एका सभासदांनी आम्हाला गाठले. म्हणाले, "साहेब, मळी तुम्ही डिस्टिलरीला घालता. तिच्यात यीस्ट वाढवून पेंड होते म्हणतात. दोनशे लिटरच्या पिंपात करून बघू का? सरकी पेंड आता परवडत नाही." प्रश्न रास्त होता. उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहोत. (मळी म्हणजे मोलॅसिस. काही गावांत प्रेसमडलाही मळी म्हणतात, ती ही नव्हे.)

ऐकीव गोष्ट खरी आहे. यीस्ट हा बुरशीच्या कुळातला, डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव. साखर, नत्र, स्फुरद आणि हवा मिळाली की तो भराभर वाढतो. वाळवलेल्या यीस्टमध्ये ४५ ते ५० टक्के प्रथिने असतात, म्हणजे ते शेंगदाणा पेंडीच्या तोडीचे झाले. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) जर्मनीत बाहेरचे पशुखाद्य येईनासे झाले, तेव्हा तेथे बीटच्या मळीत अमोनियाचे क्षार घालून यीस्ट वाढवले. पुढे १९४० च्या दशकात जमैकात व नंतर क्युबात उसाच्या मळीवर 'टोरूला' यीस्टचे कारखाने निघाले. क्युबात ते डुकरांना, कोंबड्यांना घालत.

मग अडते कुठे? हवेपाशी. भरपूर हवा मिळाली तर यीस्ट साखर खाऊन स्वतः वाढते. हवा कोंडली की तीच साखर दारू आणि कर्बवायूत जाते. काठीने ढवळून भागत नाही. एक किलो सुके यीस्ट तयार व्हायला जवळजवळ एक किलो प्राणवायू लागतो, म्हणजे रात्रंदिवस ब्लोअर चालला पाहिजे. त्यात टाकी तापते, ती ३०-३५ अंशांवर ठेवायला गार पाणी फिरवावे लागते. मळीही एकदम ओतून चालत नाही, थोडी थोडी सोडावी लागते. शेवटी यीस्ट वेगळे काढायचे, उष्णतेने मारायचे आणि वाळवायचे. तेव्हा घरच्या पिंपात जे होईल ती पेंड नव्हे, ते हातभट्टीचे रसायन! जनावराचे पोट बिघडेल आणि पोलीस दारात येतील ते वेगळेच.

याहून मोठा धोका युरियाचा. नत्रासाठी घातलेला युरिया यीस्टने पुरता खाल्ला नाही आणि ते पाणी म्हशीने प्यायले, तर पोटात अमोनिया होतो. जनावर थरथरते, फेस येतो, पोट फुगते आणि डॉक्टर पोहोचण्याआधी दगावू शकते.

आता हिशेब. एका टन मळीतून दोनशे ते अडीचशे किलो सुके यीस्ट मिळते. म्हणजे एक टन यीस्टला चार-पाच टन मळी हवी, वर सुमारे ८० किलो नत्र, म्हणजे युरियाची जवळपास चार पोती. वीज आणि पाणी निराळे. तीच एक टन मळी डिस्टिलरीत सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल देते आणि पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी त्याला गिऱ्हाईक आहे. त्यामुळे केवळ यीस्टसाठी मळी वापरावी, असे आम्हाला वाटत नाही. मात्र डिस्टिलरीच्या टाक्यांत यीस्ट आपोआप तयार होतेच. ब्राझीलमध्ये त्यातले काही यीस्ट काढून, वाळवून पशुखाद्यात घालतात. आपल्याकडे विचार करायचा तर तो या बाजूने व्हावा, असे आमचे मत आहे.

त्या सभासदांना आम्ही सांगू, की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ही टाकी देवाने आधीच बसवली आहे. तेथील सूक्ष्म जीव साखर आणि नत्रापासून प्रथिने बनवतात, आणि ती जनावराच्या अंगी लागतात. त्यासाठी युरिया-मळीची तयार चाटण वीट मिळते. वाढे किंवा कडबा पोटभर घालावा आणि वीट चाटायला ठेवावी. सहा महिन्यांखालील वासरांना ती देऊ नये. वीट फोडून किंवा पाण्यात कालवून कोणत्याच जनावराला पाजू नये.