कॅशची मुदत संपते म्हणजे नेमके काय होते?

मावळातल्या सोमाटणे फाट्याजवळच्या एखाद्या संगणक वर्गात तीस उबंटू संगणक एकाच जोडणीवर चालत असतील, तर तिथे उतरवलेल्या फायलींच्या प्रती साठवणारा, म्हणजे कॅश करणारा स्क्विड प्रॉक्सी बसवणे फायद्याचेच. एका संगणकाने उतरवलेले पॅकेज बाकीच्यांना जागच्या जागी मिळते. पण ‘मुदत जितकी मोठी, तितका वेग जास्त’ असे धरून सरसकट सगळ्याच फायलींना आठवडाभराची मुदत दिली, की घोळ सुरू होतो. मुदत संपताच साठवलेली प्रत पुसली जाते, या समजातून ही घाई येते. प्रत्यक्षात प्रत डिस्कवरच असते. प्रॉक्सी मूळ सर्व्हरला फक्त विचारतो, फाईल बदलली का? बदलली नसेल तर ‘304’ एवढेच उत्तर येते, फाईल पुन्हा येत नाही. प्रत जाते ती जागा भरत आल्यावर. म्हणजे मुदतीने ठरते ते एवढेच, की न विचारता प्रत किती काळ देत राहायची.

म्हणूनच फाईलचा स्वभाव पाहायला हवा. डेब पॅकेजच्या नावातच आवृत्ती असते, त्या नावाखालचा मजकूर बदलत नाही. ‘स्क्विड-डेब-प्रॉक्सी’च्या तयार मांडणीत त्याला 1,29,600 मिनिटे, म्हणजे 90 दिवस दिलेले असतात. याउलट ‘पॅकेजेस’ ही सूची त्याच नावाने सतत बदलते, म्हणून तिला शून्य. सूचीच्या फायलींपैकी एक जुनी आणि एक नवी मिळाली, तर पॅकेजे बसवणारे अ‍ॅप्ट ‘हॅश सम मिसमॅच’ म्हणून थांबते. सगळ्याच जुन्या मिळाल्या तर अधिक वाईट: चूक दिसत नाही आणि सुरक्षेचे अपडेट आल्याचे कळतच नाही. एककाचाही घोटाळा होतो. सर्व्हरचा ‘मॅक्स-एज’ सेकंदांत, तर स्क्विडचा ‘रिफ्रेश पॅटर्न’ मिनिटांत असतो. तासाभरासाठी म्हणून तिथे 3600 लिहिले, तर अडीच दिवस होतात.

आता सगळेच एचटीटीपीएसवर गेले, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. एचटीटीपीएसची वाहतूक स्क्विड न उघडता पुढे पाठवतो, तिथे ही मुदत लागू होत नाही, हे खरे. कॅशसाठी एचटीटीपीएसचे एन्क्रिप्शन फोडूही नये. पण उबंटूची पॅकेजे आजही मुळात साध्या एचटीटीपीवरून येतात आणि त्यांची खातरजमा डिजिटल सहीने होते. दुसरा आक्षेप मावळच्या पावसाचा: लाइन तुटली तर मोठी मुदतच कामी येईल ना? त्यासाठी स्क्विडमध्ये ‘मॅक्स-स्टेल’ ही वेगळी सोय आहे. मूळ सर्व्हरशी पडताळणी झाली नाही, तर मुदत उलटलेली प्रतही मूळ मांडणीनुसार आठवडाभरापर्यंत देता येते.